उजवा हात

एकोणीस वर्षं मी ड्रॉबचा उजवा हात होते.
डोकं, आवाज आणि डावा हात अर्विनचा.
मी त्याच्या काखेत मान घालून वाकलेली,
कॅमेऱ्याच्या चौकटीखाली.
पिट्सबर्गभर कुणाला माझं तोंड माहीत नाही,
पण मिशांवरचं पीठ झटकणारी ही बोटं
दोन पिढ्या ओळखतात.

ड्रॉब म्हणजे वॉलरस. बेकरीवाला. थापाड्या.
थाप मारण्याआधी तो जरासा थांबायचा
आणि मी त्याची भुवई खाजवायची.
हे कुणी लिहिलेलं नव्हतं.
एकदा मोज्यात काहीतरी चावलं, तिथून सुरू झालं.

अर्विन सादोव्स्की फेब्रुवारीत गेला.
एप्रिलात ड्रॉब विकला गेला, भट्टीसकट.
लॉस एंजेलिसहून चाळीस पानी वही आली:
ड्रॉब खोटं बोलत नाही.
ड्रॉब उसासे टाकत नाही.
ड्रॉबला मैद्याबद्दल मत नाही.
फरही नवी. जुनीला अर्विनच्या घामाचा,
लवंगेच्या गोळ्यांचा वास होता;
तो जाईना, म्हणून तीच उसवली.

घरी येऊन म्हटलं, मेला तो.
हलतंय ते नुसतं कातडं.
स्टॅन म्हणाला, आधी तरी काय होतं? स्पंजच ना?
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

नवा मुलगा टेरेन्स, सव्वीस वर्षांचा.
आवाज हुबेहूब. हुबेहूब, हेच तर दुखणं.
तसा चांगला आहे, माझ्यासाठी स्टूल आणून ठेवतो.

गुरुवारी तो वाक्य विसरला.
दिवे तापलेले, ड्रॉबचं तोंड अर्धं उघडं,
आणि मी काही ठरवायच्या आत
माझा हात वर गेला, भुवईकडे.

टेरेन्सनं ड्रॉबचं डोकं सावकाश वळवलं.
त्या हाताकडे पाहिलं, बोटांपासून कोपरापर्यंत,
जणू हा कोण, कधीपासून
माझ्या खांद्याला राहतोय.
मग उसासा टाकला. लांब. वहीबाहेरचा.
अर्विननं तसा कधी टाकला नव्हता.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
खाली अंधारात टेरेन्सचा खांदा
माझ्या गालाला लागून थरथरत होता.
हसत होता की घाबरला होता,
मी विचारलं नाही.

ते दृश्य कापलं, अर्थात.

सोमवारी आठला बोलावलंय.
मी नखं काढून ठेवलीत.