पन्नासात सेहेचाळीस

कार्ड आहे माझ्याकडे. त्यावर फोटो,
केस ओले, मागे तारकर्लीची भिंत,
आणि खाली लिहिलंय की मी
अठरा मीटरपर्यंत स्वतंत्र.

चार दिवसांचं शिक्षण. पहिले दोन टाकीत,
तळाच्या निळ्या फरशा मोजता यायच्या.
मास्कमध्ये पाणी घ्यायचं, नाकानं फुंकून काढायचं.
तोंडातली नळी सोडायची, परत शोधायची,
गुडघे टेकून, केळुसकर सर समोर,
त्यांचा हात माझ्या जॅकेटच्या पट्ट्यावर.
मग समुद्र. तिथंही हात पट्ट्यावरच होता.
लेखी परीक्षेत पन्नासात सेहेचाळीस.
चार चुकले. कोणते, ते कोणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही, गाडीची वेळ झाली होती.

आता धान गर्भात आहे, पाणी पाहिजे,
आणि तलावाच्या तुडुमात काहीतरी अडकलंय.
लाकूड असेल. मेलेलं जनावर असेल.
पाणीवापर संस्थेचे लिल्हारे गुरुजी पाळीवर उभे,
फोनवर कोणाला तरी सांगतात,
"आपल्या गावची पोरगी सरकारी पाणबुडी आहे."
सिलिंडर तहसीलीतल्या कपाटामागून आणला.
काटा एकशे दहावर, दोनशेवर पाहिजे होता.
भरायचं यंत्र जिल्ह्यात नाही.
आणि जोडीदार पाहिजे, पहिल्याच धड्यात आहे ते.
माझा जोडीदार नरेश टेंभुर्णे, बुटीबोरीत, दुपारपाळीला.
रिंग जाते, जाते, जाते.

मोठाबाप शिंगाड्याच्या वेलांपाशी डोंगा थांबवतो.
चाळीस वर्षं तो या पाण्यात श्वास धरून उतरला.
कार्ड नाही. डाव्या कानानं ऐकूही येत नाही.
म्हणतो, "खाली तुले तुहा हात दिसनार नाई.
अन् तुडुमापाशी पानी वढते, पोरी.
मोकळं झालं का एकदम वढते.
बिसन्याचा हात पाह्यला ना?"
पाहिलाय. सगळ्या गावानं पाहिलाय.
पंगतीत तो डाव्यानं वाढतो.

हे पुस्तकात नव्हतं.
कासव दिसलं तर हात लावू नये, हे होतं.

उतरले मी. खोटं कशाला सांगू, मिरवायचं होतं.
हातभर खाली उजेड चहासारखा,
पुरुषभर खाली तोही नाही.
काटा काचेला टेकवला तरी वाचता येईना.
कमळाचा देठ की कोणाची बोटं, मानेला लागलं काहीतरी.
श्वास केवढा मोठा वाजतो,
एकशे दहातले किती खाल्ले मी?
आणि माझा हात आपोआप
खांद्यावरच्या पट्ट्याकडे गेला.
तिथं कोणाचाच हात नव्हता.

वर आले. हळू, बुडबुड्यांपेक्षा हळू.
हे शिकवलं होतं, हे उपयोगी पडलं,
एवढं तरी मान्य केलं पाहिजे.

"झालं का?"
"नाही."
"तुडुमापर्यंत गेली का?"
"नाही."
पाळीवर कोणी म्हणालं, सरकारचे पैसे गेले पाण्यात.
गुरुजी चप्पल घालू लागले.
मोठाबाप काही म्हणाला नाही. गुडघ्यावर दोर घेऊन
एक एक हात मोजत बसला, मग म्हणाला,
"पाटाच्या तोंडाले मातीची पोती लावू आधी.
दोहीकडून पानी बरोबरीत आलं का मंग वढत नाई.
मंग तू. कमरेले हे. दुसरं टोक माह्या हाती."

मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?
त्यानं चांगला कान माझ्याकडे वळवला,
मी परत विचारलं.
"बिसन्यानं," म्हणाला.

रात्री नरेशचा फोन. काय झालं गा, सोळा मिसकॉल?
मी म्हटलं, परीक्षेत तुझे किती आले होते?
"एकेचाळीस. सर म्हणे, चालते.
तुझे?"

रविवारी ये, मी म्हटलं.
पोती भरायची आहेत.