फट

फाईल आली रात्री पावणेनऊला, एरंडवण्यातून.
मालन पोकळे, वय एकाहत्तर.
दात क्रमांक अकरा: वरचा, समोरचा, उजवा.
छटा ए-थ्री, कडेला जराशी धुरकट.
स्क्रीनवर जबडा तरंगतो,
ओठ नाहीत, जीभ नाही.
मी त्याला माउसने फिरवते
मंडईत कोबीचा गड्डा फिरवून बघावा तसा.

हाडात टायटॅनियमचा खुंटा.
चार महिन्यांत हाडाने त्याला आपला म्हटलं.
आमच्या सोसायटीला नऊ वर्षांत
ते अजून जमलेलं नाही.

झिर्कोनियाची चकती तळहाताएवढी,
खडूसारखी पांढरी, नखाने ओरखडा उठेल इतकी कच्ची.
कडेवर छापलेला आकडा:
एक पूर्णांक दोन चार सात.
दात तितक्या पटीने मोठा कोरायचा,
मग पंधराशे अंशांवर तो अंग चोरून घेतो
आणि माणसाच्या मापाचा होतो.

धायरी फाट्यावर खाली पंक्चरवाला, वर आमची लॅब.
त्याचा कॉम्प्रेसर थांबला की आमची भट्टी ऐकू येते.
पहाटेपर्यंत मी तिच्याजवळ बसते,
डब्यातली गार खिचडी खात.

अब्बांची पानाची टपरी होती नाना पेठेत.
अर्ध्या पेठेचे दात त्यांनी रंगवले,
कात, चुना, बोटाची एक फेर.
मीही तांबोळ्याचीच मुलगी.
चार केसांच्या ब्रशने
मानेपाशी तपकिरी, टोकाशी निळसर राख,
मधे एक चीर, दिसेल न दिसेल अशी.
खोटं वाटू नये म्हणून थोडी खोट.

गुरुवारी डॉक्टर मोडकांचा फोन:
बसतोय झकास, चावही बरोबर,
पण बाई नको म्हणतायत.

शुक्रवारी बाई स्वतःच आल्या,
दोन जिने चढून, दात रुमालात बांधून.
"तीस वर्षं स्वारगेटच्या माईकवर होते मी.
चाफळचा च वेगळा, चिपळूणचा वेगळा.
जतचा ज निराळा आणि जेजुरीचा निराळा.
चिपळूण, जेजुरी जातात गं नीट,
चाफळ आणि जत तुझ्या दाताला थटतात."

पर्समधून ओळखपत्र काढलं,
कोपऱ्याला गंज, शिक्का अर्धा पुसलेला.
फोटोत एक तरुण बाई हसते आहे,
समोरच्या दोन दातांमध्ये
तिकिटाची कड सरकेल एवढी फट.
"ही कुठाय?"

कुठे असणार!
सॉफ्टवेअरला रिकामी जागा दिसली,
त्याने ती भरली. मी 'ठीक' दाबलं.

घासून वाट करता आली असती,
पण झिलई गेली असती, आकारही.
पुन्हा चकती, पुन्हा तोच आकडा,
आणि या खेपेला पडद्यावर
मी दातापेक्षा त्याच्या शेजारची हवा जास्त वेळ मोजली.
शून्य पूर्णांक सहा.
मग सात.
मग पुन्हा सहा.
रात्री दोनला एकटीच मोठ्याने म्हणून पाहिलं: चाफळ.
माझे दात जुळलेले. मला काय कळणार.

सोमवारी डॉक्टरांनी फोन स्पीकरवर ठेवला.
आधी खाकरणं, चूळ भरल्याचा आवाज,
आणि मग एकदम सगळं क्लिनिक स्टँड झालं:
"प्रवाशांनी लक्ष द्यावे.
स्वारगेट ते चाफळ,
फलाट क्रमांक अकरा."
नंतर जत. नंतर उगाचच चाकण, चांदवड, चास,
लहान मुलाने नवी शिट्टी वाजवावी तसं.

खाली पंक्चरवाल्याने कॉम्प्रेसर लावला,
पुढची दोन गावं त्यात बुडाली.
आवाज थांबला तेव्हा बाई विचारत होत्या,
"आणि तो पहिला? टाकलास?"

नाही टाकला.
ड्रॉवरमध्ये आहे, काडेपेटीत, कापसावर.
एकदम अचूक.
कुणाचाच नाही.