बारीक अक्षरातली ओळ

बाईला वय विचारू नये, पुरुषाला पगार,
असं ऐकत मी वाढले,
आणि इथे फ्लीटवुडला येऊन
वय विचारण्याचाच पगार घेते.

दोन पडद्यांचं थिएटर. समुद्र इतका जवळ
की पॉपकॉर्नला वरून मीठ लागत नाही.
आज एका दारावर पंधरा, गुलाबी वर्तुळात.
दुसऱ्यावर बारा, नारिंगी.

पंधराच्या दाराशी कॅलम.
अंगात भावाचं जाकीट, बाह्या बोटांच्या पुढे.
"जन्मसाल?"
ओठ हलले, वजाबाकी केली,
हातचा घ्यायला विसरला.
"याहून भयंकर मी फोनवर बघितलंय."
बघितलं असशील, बाळा.
फोनच्या दाराशी कुणी बसत नाही.
इथे मला बसवलंय,
म्हणून मी नाही म्हणते.
तो दार आपटून गेला. दाराला सवय आहे.

मग मिस्टर थ्रेलफॉल. ब्याऐंशी.
सोबत नात एफी, नऊ वर्षांची,
म्हणजे नियमाप्रमाणे
तिच्या सोबतीला ते.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
पोस्टरच्या तळाशी नाक नेलं,
आकड्याखालच्या बारीक ओळीवर बोट फिरवलं.
'बुडण्याचं दृश्य'पाशी बोट थांबलं.

थोरला भाऊ ट्रॉलरवर गेला होता.
गेला होता, एवढंच या गल्लीत म्हणतात.

"केव्हा येतं ते?"
हा सिनेमा मी अकरा वेळा दाराआडून ऐकलाय.
"एक तास दहा मिनिटांनी. सहा मिनिटं चालतं.
मी टॉर्च दोनदा लुकलुकवीन."
"ही ओळ लिहितं कोण?"
"लंडनला कुणीतरी. आधी बसून सगळं बघतात."
"म्हणजे त्याने बघितलं," ते म्हणाले,
आणि कोट काढून हातावर घेतला.

एक तास दहा. टॉर्च दोनदा.
ते भिंत चाचपत बाहेर आले,
मागोमाग एफी, डबा छातीशी धरून.
"तू कशाला उठलीस गं?"
तिने नारिंगी आकड्याकडे बोट केलं.
"सोबत कुणीतरी पाहिजे ना."

भिंतीपलीकडे पाणी आदळत होतं, माणसं ओरडत होती.
त्या दोघांनी एकेक दाणा मोजून खाल्ला.
मी घड्याळ बघत उभी.
रस्त्यापलीकडच्या समुद्राला
ओहोटी होती.