झुकतं माप

उत्तरेकडच्या भिंतीवर चुन्याचे अकरा हात आहेत
असं हेलवेन म्हणते, आणि तिचं मी ऐकतो,
कारण ती मार्चपासून परांचीवर बसून आहे
आणि मी फक्त पाव पोचवतो.

चाळीसेक वर्षांनी एक हात.
म्हणजे वरून दुसऱ्या थरापाशी कुठेतरी
माझे पणजोबा बायबल काखेत धरून
रस्त्यापलीकडच्या चॅपलात निघालेले असणार.
या दारात त्यांनी पाऊलसुद्धा ठेवलं नसतं.

आज गुरुवार. बाहेर बाजार भरलाय.
मेंढ्या आता गावाबाहेर, डांबरी मैदानात विकतात,
पण चीज, कांदापात, लोकरी मोजे, किल्ली हरवलेली कुलुपं
अजून त्याच चौकात, त्याच उतारावर,
जिथे सातशे वर्षांपूर्वी कुणा सरदारानं
मेणाचा शिक्का उठवून परवानगी दिली:
आठवड्यातून एक दिवस. आणि मापं खरी ठेवा.

आमचं घर त्याच आखणीतलं.
रस्त्याकडे तोंड एवढंसं, दोन गिऱ्हाईकं शेजारी उभी राहिली की संपलं;
मागे मात्र थेट नदीपर्यंत लांबलचक.
भट्टी मागे. भट्टी म्हणे तेव्हाही मागेच होती.
दप्तरखान्यातल्या एलिनेदला एक ओळ सापडली:
येयन वाकडा, पाववाला, वजन बरोबर नाही, दंड चार पेन्स.
वाकडा पाठीनं की स्वभावानं
ते कातड्यावर लिहिलेलं नाही.
तुमचाच पूर्वज असेल असं नाही, ती म्हणाली.
तरी त्या रात्री मी तराजू दोनदा पुसला.

मघाशी हेलवेननं वर बोलावलं.
शिडी हलते, आणि माझे गुडघे
पहाटे तीनपासून उभे असतात.
भिंतीतून देवदूत निघालाय, अर्धाच.
चेहरा गेला; तिथे कुणीतरी खिळा ठोकला होता
स्तोत्रांचे आकडे लावायच्या पाटीसाठी.
पण मूठ शाबूत, आणि मुठीत तराजू.
एका पारड्यात जीव: उघडा, हात जोडलेला,
आमच्या लहान पावाएवढा,
भट्टीत सारायच्या आधीच्या रंगाचा.
दुसऱ्या पारड्याला लोंबकळतंय काहीतरी शेपटीवालं,
सगळा भार पडावा म्हणून पाय आखडून.

मी म्हटलं, चितारी इथलाच. गुरुवारी बाजारात फिरलेला.
ती हसली नाही.
कापसाची काडी जिभेवर ओली केली
(या भिंतीला थुंकीच मानवते, बाटलीतलं काही नाही)
आणि नखाएवढी जागा पुसत राहिली.
गेरू निघाला. निळ्याची ऐपत नव्हती या गावाची.
गेरूतून एक बोट.
मग ते बोट कुठे टेकलंय ते:
मेरीचं, तराजूच्या दांडीवर, जिवाच्या अंगाला,
जपमाळेचे चार मणी हळूच सोडणारं.
नजर भलतीकडे.

माझी आई अशीच बघायची.
खाणी बंद पडल्या त्या वर्षी
पाव कागदात गुंडाळून झाला की
एक बन वर टाकायची, खिडकीबाहेर पाहत,
जणू समोर चिमण्या आहेत आणि त्या मोजायच्या आहेत.
संध्याकाळी बाबांचा हिशेब जुळायचा नाही.
ते पुन्हा मोजायचे. ती भांडी घासायची.

म्हणजे इतकी माणसं या भिंतीसमोर बसली,
खोकली, पेंगली, भाड्याची गणितं करत राहिली,
आणि अकरा हातांखाली, अंधारात,
ते बोट उचललंच गेलं नव्हतं.

खाली उतरल्यावर एलिनेदला फोन लावला.
विचारलं, त्या येयनचं वजन बरोबर नव्हतं म्हणजे
कमी होतं की जास्त?
ती बराच वेळ गप्प. पानांचा आवाज.
मग म्हणाली, तेवढंच आहे, बरोबर नाही.
पुढचा कोपरा उंदरानं खाल्लाय.