रुमालाखालचा भाव

हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी, एकतीस वर्षं.
सांगलीच्या यार्डात पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
दोघांचे हात कापडात, वर नुसते चेहरे,
आणि चेहरा हलला तर तो व्यापारी कच्चा.
किती बोटं धरली की किती, कुठलं पेर दाबलं की काय,
मला अजून पाठ आहे,
आता बोली उघड होते तरी.

स्वयंप्रभा लीड्सला गेली त्याला सव्वा वर्ष झालं.
आजीनं ठेवलेलं नाव तिथं कुणाच्या तोंडात बसत नाही,
‘स्वे’ म्हणतात.
नाव तेवढं उतरलं. बाकी सगळं चढं.

घरच्या खतावणीत मी तिचं एक पान काढलंय.
डावीकडं पौंड, उजवीकडं रुपये.
खोली, आठवड्याला एकशे पंचवीस,
छपराखालची, ताठ उभं राहायचं तर मधोमधच.
गॅस न् वीज वेगळी; म्हणजे आपली हमाली-तोलाई, मी म्हटलं.
मीटरमध्ये आधी पैसे भरायचे, मग ऊब.
बसचे एका वेळेला तीन. म्हणून चालते.
कोथिंबिरीची जुडी एक पौंड,
आणि जुडी केवढी, तर आपली भाजीवाली
वरून फुकट टाकते तेवढी.
संध्याकाळी दुकानात शिळ्या ब्रेडला पिवळी चिठ्ठी लागते,
तेव्हा जाते ती. तीस पेन्स.
हे मला पटलं. मातेऱ्यातही माल असतो,
बघणारा पाहिजे.

मग हळद. इथं पेन थांबलं.
शंभर ग्रॅमची पुडी, दीड पौंड.
तीनदा गुणाकार केला.
किलोला सोळाशेच्या वर जाते गं,
आज सकाळी मी राजापुरी एकशे बेचाळीसनं लिहून आलोय!
फोनवर हसली. म्हणाली, अप्पा,
इथले लोक ती दुधात घालून पितात कॅफेत बसून,
त्याचे चार पौंड.

तिची आई म्हणते, रुपयात करू नका.
रुपयात केलं की तिथं घास उतरत नाही.
खरं असेल.
पण मला दुसऱ्या कशात मोजताच येत नाही.

परवा रात्री दहाला व्हिडिओ लावला.
तिच्याकडं साडेचार, आणि खिडकीत काळोख.
आम्ही दोघं पंख्याखाली,
समोर भडंगाची वाटी, तिला दिसेल अशी
ठेवू नका म्हटलं होतं हिनं, तरी राहिली.
जेवलीस का. जेवले.
थंडी आहे का. हीटर लावलाय की अप्पा.
चेहरा असा, की एक रेघ हलली नाही.
पण दोन्ही हात चादरीत.
मी जाताना दिलेली सोलापुरी, गळ्यापर्यंत,
आणि बोलताना तिच्या तोंडातून
थोडी, अगदी थोडीच, वाफ.

मी एकतीस वर्षं हेच पाहिलंय.
भाव कापडाखाली असतो.

हात दाखव म्हणणार होतो.
तेवढ्यात ती म्हणाली, आई, तू का अशी आवळून बसलीस?
हिनं पदर मनगटावर ओढून घेतला होता.
काही नाही गं, डास आहेत.
मी वाटीत बघत राहिलो.
पाटल्या पेठेतल्या सराफाकडं आहेत,
दिवाळीपासून. त्या पानावर मी अजून
काही लिहिलेलं नाही,
नावे लिहू की जमा, ठरत नाही.

कुणीच बोलेना थोडा वेळ.
फोन अडकला असं तिला वाटलं बहुतेक,
हॅलो, हॅलो करायला लागली.
आहे, म्हटलं, आहे मी.

मग तिनंच विचारलं,
लहानपणी यार्डात डबा घेऊन यायची
तेव्हा विचारायची तसं:
अप्पा, आज भाव काय निघाला?

बरा निघाला, म्हटलं.
तुझ्याकडं?

इथंपण बरा.