मानस

पान बेचाळीस: ‘मनाची दारं सताड उघडी ठेवा,
येईल ते येऊ द्या.’
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं: एकदा चोडणला या.

इथं बांधातल्या लाकडी दारालाच मानस म्हणतात.
भरतीत खाडीच ते लोटून बंद करते,
ओहोटीला शेतातलं पाणी ते आतून उघडतं.
शाबलो रोज कंदील घेऊन एवढंच बघतो,
फटीत काटकी नाही ना.

एका अवसेला होती.
आलं ते आलं.
पुढं तीन वर्षं
खारं पिऊन वाढणारा कोरगूटसुद्धा
तिथं रुजायला तयार नव्हता.

लेखक बहुधा डोंगरावर राहत असावा.

पान त्रेचाळीस: ‘ज्यानं दुखावलं, त्यालाच आत बोलवा.’
फोन थरथरतोय टेबलावर. थोरल्या दिराचा.
थरथरू दे.
अजून पाणी चढतंय.