साडेसात वेढे

दार आधी आलं, गाडी नंतर.
बाबांनी बहारीनहून ते धाडलं
लाकडी पेटीत, बोटीनं, मुरगांव बंदरावर,
आणि निम्मं सांकवाळ आमच्या अंगणात जमलं
छपराकडे वळून निजणारं दार बघायला.
गाडी नव्हती. तीन वर्षं त्या दारामागे
नारळ, शिडी, काकाची एकचाकी झालेली सायकल
साहेबासारखी राहिली.

बाबा सुट्टीवर आले की एका बोटानं ते उचलत.
एका बोटानं! मी शाळेत सांगितलं.
शेवंतीचा विश्वास बसेना, तिला घेऊन आले.
बाबांनी नुसती करंगळी लावली
आणि चार फळ्यांचं लोखंड
सकाळसारखं वर गेलं.

परवा रात्री दोन वाजता आवाज झाला.
सिलिंडर फुटला म्हणून शेजारचा दुमिंग धावत आला.
झुवारीचा खारा वारा इतकी वर्षं चाटत होता,
दोनातली एक स्प्रिंग मधोमध तुटली होती.
मी दाराला दोन्ही हात लावले, मग खांदा.
तांदळाएवढंही हललं नाही.

वेळसांवचा मिंगेल आला, हाताखाली पुनो वेळीप.
मी स्टुलावर चढून जवळून बघू लागले तर
"बाय, मातशें फाटीं सर.
एक मेली. दुसरी जिती आसा."

जिवंत स्प्रिंगला कसं हाताळतात ते मग पाहिलं.
रुळाला आधी शिकंजा, दार उसळू नये म्हणून.
शिडी बाजूला, तोंड कधीच समोर नाही.
दोन सळया. एक भोकात पूर्ण बसल्यावाचून
दुसरी काढायची नाही.
पाव वेढा सोडायचा, थांबायचं, श्वास घ्यायचा.
पुनो खालून मोजत होता, देवळात मोजावं तसं हळू:
अकरा. बारा. तेरा.
मिंगेलच्या डाव्या हाताचं मधलं बोट
दुसऱ्या पेरापाशी संपतं.
मी विचारलं नाही. चहा देताना पुनोच म्हणाला,
कळंगुटला, सळईच्या जागी स्क्रूड्रायव्हर घातला होता.
"घाय आसली," एवढंच मिंगेल बोलला
आणि कप बशीत पालथा घातला.

तीस पाव. स्प्रिंग मेली.
फळ्या एकेक करून खाली आल्या,
सगळ्यांत वरची आधी, दोघांनी दोन टोकं धरून.
"हें सगळें वजन तीच उखलताली," मिंगेल म्हणाला,
"मनीस न्हय."

म्हणजे बाबा नव्हे.
करंगळी फक्त सांगत होती, आता.
मला बावन्नाव्या वर्षी राग आला, थोडा,
शेवंतीला काय तोंड दाखवू असं काहीतरी.
ती आता मडगांवला असते, तिला आठवतही नसेल.

मग जुना कंस उतरवला तेव्हा
चुन्याच्या मागे, भिंतीवर, पेन्सिलीत:
उजवी ७॥. डावी ७॥. घाई नको.
सातच्या पुढच्या त्या दोन उभ्या रेघा.
आमच्या घरात अर्धं असं फक्त बाबाच लिहीत.
अरबी चित्रांचं पुस्तक समोर ठेवून
भर मे महिन्यात, बनियनवर, एकट्यानं
त्यांनी ते बळ साठवलं होतं, पाव पाव करून,
आणि पुढच्या बोटीनं परत गेले होते.

मिंगेलनं वाचलं. बराच वेळ बघत राहिला.
"बरो मनीस," म्हणाला.
नव्या कंसासाठी तो चार इंच डावीकडे सरकला,
मजकुरात भोक पडू नये म्हणून.

संध्याकाळी नळीत पाणी भरून रूळ समपातळीत आणले,
नव्या स्प्रिंगा भरल्या. पुनोनं पुन्हा मोजलं.
दार अर्ध्यावर नेऊन मिंगेलनं हात सोडले.
ते तिथंच राहिलं,
ना वर ना खाली.

मोटर जोडल्यावर उंबऱ्यात त्यानं असोला नारळ ठेवला
आणि बटण दाबलं.
दार खाली आलं, नारळाला टेकलं,
थबकलं, आणि माफी मागितल्यासारखं वर गेलं.
"भुरग्यांक भंय ना," मिंगेल म्हणाला.
इथं लहान मूल कुणी नाही हे मी सांगितलं नाही.

जुनी स्प्रिंग त्यानं माझ्या हातात दिली.
गंजलेली, सैल, निरुपद्रवी.
तिच्यावर आता वालीचा वेल चढवीन म्हणते.
बटण असूनही सकाळी मी मोटर सोडवली
आणि कुणी बघत नाही असं पाहून
करंगळी लावली.